जिताड्याचा मानलेला भाऊ

मंडळी, सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी कॉम्प्युटर इंजिनिअर, पोटापाण्यासाठी आयटी कन्सल्टंट. 'क्लास', 'इनहेरिटन्स', 'ट्री' हे शब्द रोज दहा वेळा तोंडात येतात, पण ते कधी जिवंत प्राण्यांसाठी वापरले नव्हते. इतिहासाशी संबंध दहावीच्या पेपरापर्यंत आणि माशांशी संबंध ताटापर्यंत. तरीही यंदा दिवाळी अंकासाठी मी चक्क एका माशाचा इतिहास लिहायला बसलोय. ह्याला कारण आमच्या मातोश्री!

आई गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्याकडे त्सुकुबाला आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : त्सुकुबा म्हणजे टोकियोच्या ईशान्येला, अकिहाबाराहून त्सुकुबा एक्स्प्रेसने पाऊण तासावर वसवलेलं विज्ञाननगर. वसवलेलं म्हणजे अक्षरशः वसवलेलं. 1963 साली जपानच्या मंत्रिमंडळाने ठरवलं की टोकियोतल्या संशोधन संस्था इथे हलवायच्या, आणि भातशेती नि पाइनच्या जंगलात रस्ते आखले गेले. 1963 हे साल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर पहिल्याच रविवारी आईला सुपरमार्केटमध्ये घेऊन गेलो. भाज्यांपाशी ती गप्प होती (एका काकडीची किंमत रुपयांत सांगितल्यावर तर फारच गप्प). पण मासळीच्या काउंटरपाशी पोचली आणि एकदम थांबली. बर्फावर एक चांगला दोन हात लांब, चंदेरी, मोठ्या तोंडाचा मासा पडला होता.

"अरे, हा तर आपला जिताडा!"

मी पाटी वाचली. "नाही गं, सुझुकी लिहिलंय."

"सुझुकी? मारुतीवाला?"

आता काय सांगणार! मग तिने चष्मा लावला, वाकून नीट पाहिलं आणि स्वतःच निकाल दिला. "जिताडा नाही. त्याची शेपूट गोल असते पंख्यासारखी, ह्याची दुभंगलेली आहे. आणि जिताड्याचा डोळा कसा आगीसारखा चमकतो. पण भाऊ आहे हो त्याचा. चुलत म्हण, मावस म्हण, पण घरातलाच."

आई पेणच्या खारेपाटातली. तिच्या माहेरी घरामागे तळं आहे, त्यात जिताडे सोडलेले असायचे. जावई आला, पाहुणा आला की मामा जाळं घेऊन तळ्यावर. तेव्हा ह्या विषयात तिचा शब्द म्हणजे आमच्याकडे सुप्रीम कोर्ट. पण माझ्या आठ वर्षांच्या लेकीने घरी आल्यावर विचारलं, "बाबा, आजी म्हणते ते खरं आहे का? भाऊ म्हणजे किती जवळचा?"

प्रश्न सोपा होता. उत्तर शोधायला मला पाच-सहा महिने लागले.

नाव बदलत जाणारा मासा

आधी नावाचा घोळ मिटवू. गाड्यांचे सुझुकी हे आडनाव. ते लिहितात त्या चित्रलिपीचा अर्थ घंटा आणि झाड. सातो खालोखाल जपानमधलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव, आपल्याकडचे जोशी-कुलकर्णी म्हणा ना. माशाचा सुझुकी वेगळ्या अक्षराने लिहितात. उच्चार तेवढा एक.

गंमत म्हणजे ह्या माशाला जन्मभर एक नाव नसतं. टोकियोच्या बाजूला साधारण फूटभर लांबीपर्यंतचा तो 'सेइगो', दोन फुटांपर्यंत 'फुक्को' आणि त्यापुढे 'सुझुकी'. वाढेल तसं नाव बदलणाऱ्या अशा माशांना जपानी लोक 'बढती मिळवणारे मासे' म्हणतात आणि शुभ मानतात. आमच्या कंपनीतल्या ट्रेनी, असोसिएट, सीनियर असोसिएटसारखंच की! फरक एवढाच, की सुझुकीला बढतीसाठी अप्रेझल फॉर्म भरावा लागत नाही.

त्याचं आयुष्य दोन पाण्यांत जातं. ऐन थंडीत तो समुद्रात अंडी घालतो. अंडी खाऱ्या पाण्यात तरंगत राहतात, पिल्लं वसंतात किनाऱ्याकडे, खाडीत आणि नद्यांच्या मुखात शिरतात. उन्हाळ्यात लहानमोठे सगळेच नदीतून पार आतपर्यंत चढतात आणि गार वारा सुटला की पुन्हा समुद्राकडे. मोठा सुझुकी मीटरभर लांब होतो. उन्हाळ्यात त्याचे पातळ काप बर्फाच्या पाण्यात धुऊन कच्चेच खातात, त्याला 'आराई' म्हणतात. आईने तो प्रकार लांबूनच पाहिला. आमच्याकडे सुझुकीचं आंबट-तिखट कालवण झालं, आणि ते उत्तम झालं हे सांगायलाच नको.

जपानी वाङ्मयात हा मासा फार जुना. 712 साली संकलित झालेल्या 'कोजिकी' ह्या जपानच्या सर्वांत जुन्या ग्रंथात, देवांच्या मेजवानीत मोठ्या तोंडाचा सुझुकी वाढल्याचा उल्लेख आहे. 'हेइके मोनोगातारी' ह्या युद्धकथेत तर एका प्रकरणाचं नावच 'सुझुकी'. तायरा कियोमोरी नावेतून कुमानोच्या यात्रेला निघालेला असताना एक भला मोठा सुझुकी उडी मारून नावेत पडतो. यात्रेचं व्रत चालू, मांसाहार वर्ज्य. पण हा देवाचा प्रसाद आहे असं ठरवून कियोमोरी तो शिजवतो, स्वतः खातो आणि आपल्या माणसांना खायला घालतो. त्यानंतर तायरा घराण्याचा उत्कर्ष झाला, असं कथा सांगते. (श्रावणात मासे खाणाऱ्यांनी हे प्रकरण तोंडपाठ करून ठेवायला हरकत नाही!)

आणखी एक गोष्ट खास आपल्यासारख्यांसाठी. सुझुकीसाठी जपानी लोक जे चिनी अक्षर वापरतात, त्याची चीनमध्ये एक कथा आहे. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला झांग हान नावाचा दक्षिणेकडचा एक माणूस राजधानी लोयांगला सरकारी नोकरीत होता. एके दिवशी शरदाचा वारा सुटला आणि त्याला घरच्या पाणभाजीच्या सूपाची आणि ह्या माशाच्या कापांची आठवण झाली. माणसाला मनासारखं जगता येणं महत्त्वाचं, पदासाठी हजार कोस दूर कशाला राहायचं, असं म्हणून तो नोकरी सोडून सरळ घरी गेला. सोळा-सतराशे वर्षं चीन आणि जपानमधले शिकलेले लोक ही गोष्ट सांगत आलेत. आता चिनी कथेतला मासा नेमका कोणता ह्यावर विद्वानांत वाद आहे. काहींच्या मते तो सुझुकी नसून नदीतला एक छोटा, वेगळाच मासा आहे. म्हणजे अक्षर एक आणि मासे दोन! पण शरद ऋतूत परदेशातल्या स्वयंपाकघरात उभं राहून घरच्या कालवणाची आठवण काढणाऱ्या माणसाला त्या वादाने काय फरक पडतो?

लेबलांचा इतिहास

हा नावांचा घोळ शास्त्रज्ञांच्याही मागे लागलेला आहे.

1758 साली लिनियसने सजीवांना दोन शब्दी नावं देण्याची पद्धत प्राण्यांसाठी पक्की केली. युरोपच्या किनाऱ्यावरचा बास हा मासा तेव्हा दोन हजार वर्षं माहीत होता. ग्रीक त्याला 'लॅब्रॅक्स' म्हणत, रोमन लोक 'लूपस' म्हणजे लांडगा. लिनियसने त्याला 'पर्का' ह्या गटात टाकलं आणि तिथून पुढे ज्याच्या पाठीवर काटेरी पर आहे तो बहुतेक मासा पर्कासारखा, असं सुरू झालं. आपल्या कॉम्प्युटरवर 'मिसलेनियस' नावाचा फोल्डर असतो ना? सुरुवातीला त्यात चार फाइल्स असतात आणि पाच वर्षांनी निम्मी हार्ड डिस्क त्यातच असते. पर्कासारख्या माशांच्या गणाचं अगदी तसंच झालं. पुढे तो पृष्ठवंशी प्राण्यांमधला सर्वांत मोठा गण ठरला.

1828 साली फ्रान्सच्या क्यूव्हिएने जपानच्या सुझुकीला शास्त्रीय नाव दिलं. युरोपच्या बासचा भाऊबंद मानून 'लॅब्रॅक्स जॅपोनिकस'. पण लॅब्रॅक्स हे नाव आधीच पल्लास ह्या शास्त्रज्ञाने दुसऱ्याच माशांना देऊन ठेवलेलं. एकाच नेमस्पेसमध्ये दोन क्लासना एक नाव, म्हणजे कंपाइल एरर! मग 1850 च्या दशकात डच ईस्ट इंडीजमध्ये लष्करी डॉक्टर असलेल्या ब्लीकरने सुझुकीसाठी नवं नाव काढलं, 'लॅटिओलॅब्रॅक्स'. दरम्यान नागासाकीच्या देजिमा बेटावर राहिलेल्या सीबोल्टने जपानमधून हॉलंडला नेलेल्या नमुन्यांवरून 'फाउना जॅपोनिका' हा ग्रंथ निघाला होता. त्याच्या माशांच्या खंडांचं काम 1842 ते 1850 चाललं. त्यासाठी नागासाकीच्या कावाहारा केइगा ह्या चित्रकाराने माशांची चित्रं काढली होती.

हे वाचताना मला आपल्याकडचा कर्नल साइक्स आठवला. सीबोल्ट नागासाकीत होता त्याच सुमारास हा इंग्रज अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत फिरत होता. 1839 मध्ये त्याने दख्खनच्या माशांवर निबंध प्रसिद्ध केला आणि अनेकांना स्थानिक नावंच लॅटिन पोशाख घालून दिली. खुद्री, कोलस, मुसल्ला ही नावं आजही जगभरच्या शास्त्रीय यादीत आहेत. आपल्या नद्यांवरच्या कोणा कोळ्याने सांगितलेला शब्द लंडनच्या कागदावर चढला आणि कायमचा झाला. त्या कोळ्याचं नाव मात्र कुठेच नाही.

आता 'टेम्परेट बास', म्हणजे समशीतोष्ण पाण्यातले बास. ह्या कुळात आज सहा जाती धरतात. दोन युरोपच्या बाजूच्या, चार उत्तर अमेरिकेतल्या. अमेरिकेतल्या मंडळींना ठाऊक असलेला पट्टेवाला स्ट्राइप्ड बास हा त्यांतला बडा मासा. त्याने तिकडे इतिहासच घडवलाय. 1639 मध्ये मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने हा मासा शेतात खत म्हणून टाकायला बंदी केली. 1670 मध्ये प्लिमथ वसाहतीने केप कॉडच्या बास, मॅकरेल आणि हेरिंगच्या मासेमारीतून आलेलं उत्पन्न शाळेसाठी वापरायचं ठरवलं. आणि 1879 मध्ये तर लिव्हिंगस्टन स्टोन नावाच्या माणसाने न्यू जर्सीतल्या नेव्हसिंक नदीतली पिल्लं आगगाडीने अख्खा खंड ओलांडून कॅलिफोर्नियाला नेली. 132 पिल्लं जिवंत पोचली, 1882 मध्ये आणखी तीनशेच्या आसपास सोडली. तेवढ्या भांडवलावर वीस वर्षांत, 1899 साली, तिथे वर्षाला बारा लाख पौंडांवर मासा निघायला लागला! सव्वाचारशे पिल्लं, आगगाडीचा प्रवास आणि नवा किनारा. परदेशी जाऊन बस्तान बसवण्याचा ह्याहून यशस्वी किस्सा मला तरी ठाऊक नाही.

जपानमध्ये मात्र नुसतं 'बास' म्हटलं तर लोकांना वेगळाच मासा आठवतो, ब्लॅक बास. तो ह्या कुळातला नव्हेच. 1925 मध्ये आकाबोशी तेत्सुमा ह्या उद्योगपतीने तो अमेरिकेतून आणून आशिनोको तलावात सोडला. तिथून तो पसरत आमच्या शेजारच्या तलावातही आला, आणि 2005 पासून तो पाळायला नि सोडायला कायद्याने बंदी आहे. बाहेरून आणलेला प्रत्येक मासा कौतुकाचा ठरतोच असं नाही, ही दुसरी बाजूही सांगायला हवी.

सुझुकीची फाइल मात्र ह्या फोल्डरातून त्या फोल्डरात फिरतच राहिली. तोंडवळा युरोपच्या बासचा, पण राहतो प्रशांत महासागरात. 1966 मध्ये गॉस्लाइनने ह्या सगळ्या बासमंडळींना एका मोठ्या कुळात एकत्र केलं. 1984 मध्ये जॉन्सनने ते मोडून अटलांटिकच्या दोन्ही बाजूंच्या बासना स्वतंत्र कूळ दिलं. सुझुकी कधी त्यांच्यात, कधी बाहेर. शेवटी त्याचं स्वतंत्र कूळ मानलं गेलं आणि डीएनए वाचता यायला लागल्यावर तर कळलं की तो आणि युरोपचा बास ह्यांचं नातं बरंच दूरचं आहे. सारखं पाणी, सारखी शिकार, सारखं आयुष्य, म्हणून चेहरा सारखा झाला, इतकंच.

आणि जिताडा? तोही तिसरीकडेच! डीएनए प्रमाणे त्याची भावकी सुझुकीपेक्षा बांगड्यासारख्या दिसणाऱ्या करंज्या-खवळ्यांच्या मोठ्या घराण्याशी, बरकुड्याशी, इतकंच काय तर चपट्या लेपटीशी जास्त जवळची. लेपटी आणि जिताडा एका घरचे, हे आईला सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

पण थांबा. जिताड्याचा खरा सख्खा भाऊ जपानमध्ये आहे! दक्षिणेला कोची आणि मियाझाकीच्या किनाऱ्यावर 'आकामे' नावाचा मासा मिळतो. आकामे म्हणजे लाल डोळा. तो आणि जिताडा एकच, असं पूर्वी धरून चालले होते. 1984 मध्ये काटायामा आणि ताकी ह्यांनी तो वेगळी जात असल्याचं दाखवलं. ह्याच काटायामांनी 1957 मध्ये सुझुकीतही दोन जाती आहेत हे दाखवलं होतं. सत्तावीस वर्षांच्या अंतराने दोन्ही भावांच्या घरची कागदपत्रं एकाच माणसाने तपासली. "डोळा आगीसारखा चमकतो" ही आईची खूण तर त्या माशाच्या नावातच आहे. हे ऐकल्यावर मात्र तिची कळी खुलली. "बघ, मी डोळ्यावरूनच ओळखते."

समुद्र होता, तलाव झाला

आमच्या घरापासून सायकलने जाण्याइतक्या अंतरावर त्सुचिउरा गावाजवळ कामिताकात्सु नावाची जागा आहे. साधारण चार ते तीन हजार वर्षांपूर्वी इथे राहणाऱ्या जोमोन काळातल्या लोकांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे ढीग तिथे आहेत. 1977 पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. जूनमध्ये पाऊस सुरू व्हायच्या आधी आम्ही तिघं तिथे गेलो. शिंपल्यांबरोबर त्या ढिगांत माशांची हाडंही मिळाली आहेत, आणि त्यांत सुझुकी आहे. आई म्हणाली, "म्हणजे ही ह्यांची उष्टी-खरकटी. आणि तिकीट लावून बघतात!" (तिकीट खरं तर फारच माफक आहे.)

अशा ढिगांचा अभ्यास जपानमध्ये 1877 साली सुरू झाला. एडवर्ड मोर्स ह्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाला योकोहामाहून टोकियोला येताना आगगाडीच्या खिडकीतून ओमोरीचा ढीग दिसला. दोनच वर्षांनी, 1879 मध्ये, त्याचे विद्यार्थी ईजिमा इसाओ आणि सासाकी चुजिरो ह्यांनी आमच्या ह्याच तलावाकाठी ओकादाइरा इथे उत्खनन केलं. ते जपानी माणसांनी स्वतः केलेलं पहिलं शास्त्रीय उत्खनन मानतात. म्हणजे ज्या वर्षी अमेरिकेत बासची पिल्लं आगगाडीतून प्रवास करत होती, त्याच वर्षी इथे दोन तरुण मुलं प्राचीन खरकटी मोजत होती.

पण समुद्रातला सुझुकी ह्या गावात कसा? तर हे पाणी तेव्हा समुद्राचाच फाटा होतं. कासुमिगाउरा, क्षेत्रफळाने जपानमधला दोन नंबरचा तलाव, पण खोली सरासरी चार मीटर. सहा-सात हजार वर्षांपूर्वी समुद्र चढला तेव्हा इथे खाडी होती. आठव्या शतकात लिहिलेल्या हिताची प्रांताच्या वर्णनात इथल्या पाण्यात मीठ काढायचं शेवाळ आणि शिंपले भरपूर असल्याचं म्हटलंय. पुढे सतराव्या शतकात तोकुगावांनी तोने नदीचा प्रवाह पूर्वेकडे वळवला, गाळ साठत गेला आणि तोंड अरुंद झालं. तरीही भरतीचं खारं पाणी येत राहिलं. सुझुकी, वाम, शिजिमी नावाच्या छोट्या शिंपल्या ह्यांवर गावं जगत राहिली.

खारं पाणी म्हणजे भातशेतीचा शत्रू, हे खारेपाटातल्या माणसाला सांगायला नको. 1958 च्या दुष्काळात खारं पाणी आतपर्यंत शिरलं आणि भाताचं मोठं नुकसान झालं. मग तलावाचं पाणी जिथे तोने नदीला मिळतं तिथे दरवाजे बांधायला घेतले. ते काम पुरं झालं 1963 मध्ये! ज्या वर्षी आमच्या शहराचा कागद झाला, त्याच वर्षी समुद्राच्या वाटेवर दार बसलं. सत्तरच्या दशकात कारखाने, शहरं आणि शेतीसाठी गोड्या पाण्याची गरज वाढली आणि दार जवळजवळ कायमचं बंद राहायला लागलं. भात वाचलं, नळाला पाणी आलं. माझ्या घरचा चहा त्याच पाण्याचा, तेव्हा नावं ठेवायचा अधिकार मला कितपत आहे हा प्रश्नच आहे. पण शिंपल्या मेल्या, त्यावर जगणाऱ्यांचा धंदा गेला, साचलेल्या पाण्यावर हिरवी साय यायला लागली. सुझुकी तर खाऱ्या पाण्यातच अंडी घालणार. दाराच्या आत त्याची नवी पिढी होणारच नाही. आता दाराशेजारी माशांसाठी वाट केली आहे आणि चुकून एखादा सुझुकी आत येतोही. पण त्याचं येणं-जाणं होतं तसं राहिलं नाही.

अमेरिकेतही असाच प्रकार झाला होता. साउथ कॅरोलायनात 1941 मध्ये सँटी आणि कूपर नद्यांवर धरण झालं आणि वर चढलेले स्ट्राइप्ड बास आतच अडकले. तो मासा मुळात वाहत्या गोड्या पाण्यात अंडी घालतो, त्यामुळे तो तिथेच रुळला आणि वाढला. दोघं दिसायला सारखे, दोघांच्या वाटेवर दार आलं. एक तरला, एक नाही. फरक एवढाच, की आपली पिल्लं कुठल्या पाण्यात वाढवायची ह्याबद्दल एकाला तडजोड शक्य होती.

हे सगळं मी आईला तलावाच्या बांधावर बसून सांगत होतो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्याकडे त्याला उघाडी म्हणतात."

आणि मग तिने खरी गोष्ट सांगितली. खारेपाटात समुद्राच्या बाजूने बांध, बांधाला उघाडी. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं, भरतीला फळ्या लावून खारं पाणी अडवायचं. शिलोत्र्यांच्या काळापासून चालत आलेली ही विद्या. 1948 मध्ये सरकारने खारजमिनींचा कायदा केला, 1979 मध्ये दुसरा. पण बांधाची देखभाल पूर्वी गाव मिळून करायचं, ते हळूहळू सुटलं. कुठे बांध फुटला, भात गेलं. कुठे उघाडी कायमची बंद, मासे गेले. उघाडी उघडून बीज आत घ्यायचं केव्हा आणि फळ्या लावायच्या केव्हा, हे तिच्या आजोबांना अंगवळणी होतं. जिताडाही सुझुकीसारखाच दोन पाण्यांचा, पिल्लं खाडीतून आत यायची तीच तळ्यात वाढवायची. (जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो, हे मात्र आजोबांनाही ठाऊक नव्हतं!) आता बीज विकत मिळतं. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीव संस्थेने 1997 मध्ये जिताड्याचं बीज तयार करून दाखवलं तेव्हापासून ती वाट झाली.

"मामा तळं बुजवायचं म्हणतोय," आई म्हणाली. "प्लॉट पाडायला माणूस आलाय. भाव चांगला आहे. माझा हिस्सा आहे म्हणून सही मागतोय. कागद बॅगेत घेऊनच आलेय मी."

मे महिन्यापासून कागद बॅगेत होते आणि ती एक शब्द बोलली नव्हती. मी काय सल्ला देणार? मी त्या तळ्यावर शेवटचा गेलो त्याला बारा वर्षं झाली. झांग हान नोकरी सोडून घरी गेला; मी व्हिसा वाढवून घेतला. मी एवढंच म्हटलं, "आई, इथे दार लावून साठ वर्षं झाली. आता लोक ते थोडं उघडावं म्हणून सभा घेतात, अर्ज करतात. बंद केलेलं उघडता तरी येतं. बुजवलेलं नाही."

तिने त्यावर हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

मग भाऊ की नाही?

लेकीचा प्रश्न राहिलाच. मी तिला कागदावर झाड काढून दाखवलं. ह्या फांदीवर युरोप-अमेरिकेचे बास, त्या फांदीवर सुझुकी, पलीकडे जिताडा आणि त्याचा सख्खा भाऊ आकामे. "म्हणजे आजी चुकली," ती म्हणाली. मी म्हटलं, रक्ताच्या नात्याने चुकली. पण दोघंही खाडीत वाढतात, दोघंही दोन पाण्यांत राहतात, दोघांनाही दार उघडं लागतं. ह्याला आपल्याकडे मानलेला भाऊ म्हणतात.

मग तिने विचारलं, "दोन पाण्यांचे तसे दोन देशांचे मासे असतात?"

आणि योगायोग बघा, उत्तर तयार होतं. सुझुकीची एक तिसरी जात आहे, चीन-कोरियाच्या किनाऱ्याची, अंगावर ठिपके असलेली. ती वेगळी जात आहे हे 1995 मध्ये योकोगावा आणि सेकी ह्यांनी पक्कं केलं. जपानच्या दक्षिणेला क्युशूमध्ये आरिआके नावाचा उथळ समुद्र आहे. तिथल्या सुझुकीत दोन्हींचा अंश सापडतो, जपानी जातीचा आणि खंडावरच्या ठिपकेवाल्याचाही. हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली तेव्हा दोघं जवळ आले, आणि त्यांची संतती आजवर तिथे सुखाने नांदते आहे. "त्यांना ठिपके असतात का?" "काहींना असतात, काहींना नसतात." जपानी शाळेत जाऊन घरी मराठीत भांडणाऱ्या आमच्या कन्येला हे उत्तर फार पटलं. तेव्हापासून ती स्वतःला आरिआकेवाली म्हणवते.

आई ऑगस्टमध्ये परत गेली. सही न करता. गणपतीत फोन केला तेव्हा म्हणाली, मामा रागावलाय, पण ह्या पावसात उघाडीच्या फळ्या बदलून घेतल्या त्याने, आणि तळ्यात बीजही सोडलंय. "एक वर्ष बघू म्हणतो." एका वर्षात जिताडा किती वाढतो, ह्याचा हिशोब मी मनातल्या मनात केला.

यंदा डिसेंबरात तिकीट काढलंय, तिघांचं. लेकीला गोल शेपूट आणि आगीसारखा डोळा स्वतः बघायचाय.

तुम्हां सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा. आणि मासळीच्या काउंटरवर एखादा ओळखीचा चेहरा दिसला तर नुसतं लेबल वाचून पुढे जाऊ नका. बरोबर आई असेल तर आधी तिला विचारा.